गाणं पुरवू नका, लिहू द्या

(सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे शेतमालाचा भाव आहे, वीज आहे, कर्ज आहे, पीक विमा आहे. त्या यादीच्या शेवटी 'शाळांमधली गाणी लिहिण्याची शिबिरं' हा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या मनातला प्रश्न आम्हीच विचारून टाकतो. गाण्यानं कापसाला भाव मिळतो का? नाही मिळत. शाळवाच्या पोत्यामागे पाच रुपये जास्त येतात का? नाही येत. टँकरची एक खेप तरी वाढते का? तीही नाही. तेव्हा गाण्यानं दुष्काळ हटतो असं सांगायला आम्ही उभे नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. ज्या माणसाला आपला हिशेब आपल्या तोंडानं मांडता येत नाही, त्याचा हिशेब दुसरा मांडतो. आणि दुसऱ्यानं मांडलेल्या हिशेबात आपण कायम देणेकरीच निघतो. पूर्वी तो सावकाराच्या चोपडीत निघायचा, आता खातेउताऱ्यावर निघतो, एवढाच फरक. आपल्या पोराला 'वडील काय करतात?' असं कोणी विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणतं, 'काही नाही, शेती.' या 'काही नाही' मध्ये आपली सगळी हार आहे. ज्या पोराला आपल्या घरचा धंदा सांगायची लाज वाटते, ते पोरगं उद्या त्या धंद्याचा भाव काय मागणार? ही लाज भाषणानं जात नाही. आपल्या घरातली गोष्ट आपल्याच शब्दात चारचौघांपुढे एकदा खणखणीत म्हटली, की ती सुटायला लागते. त्यासाठी गाण्याइतकं स्वस्त साधन नाही. एक वही, एक पेन्सिल आणि एक डफ, एवढंच भांडवल लागतं.

आम्ही काही शिक्षक, काही कार्यकर्ते आणि डफ-तुणतुण्याची जाण असलेले दोघं-तिघं मिळून माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांतल्या शाळांतून, वाड्यावस्त्यांवरून दोन-दोन दिवसांची शिबिरं घेतो. त्यांची पद्धत सांगतो. कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या पाहुण्यांना ती आपल्या गावी जशीच्या तशी करता येईल.

पहिला नियम असा, की शिबिराला येताना मुलानं घरातल्या नाहीतर भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं आणायचं. कोणी जात्यावरची ओवी आणतं, कोणी शाळू काढतानाची भलरी आणतं, कोणी गजीच्या ढोलावरचं धनगरी गाणं आणतं. जत तालुक्याच्या सीमेवरच्या गावांतली मुलं कानडी गाणंही आणतात, आणि ते आम्ही तितक्याच मानानं ऐकतो. तिथली आई बाजार मराठीत करते आणि लेकराला झोपवते कानडीत. त्यात आपण कशाला निवाडा करायचा?

दुसरं काम शब्दांचं. फळ्यावर मुलांनी आपल्या रानातले, घरातले शब्द लिहायचे. कणीस, पेंढी, कडबा, खळं, माळा, गोफण, चिकटा, काणी, हुरडा, छावणी, खेप, उचल, कोयता, मुकादम, टोळी. तासाभरात फळा भरतो. ज्या मुलाला मराठीच्या पेपरात कसेबसे गुण पडतात, त्याच्या खात्यावर या फळ्यावर सगळ्यात जास्त शब्द निघतात. मास्तरही मग जरा सरसावून बसतात.

तिसरं, चाल आधी आणि शब्द मागून. ओवीची किंवा पोवाड्याची ओळखीची चाल घ्यायची, टाळी धरायची आणि मग ओळ बसवायची. इथं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोरगं लिहितं 'जोंधळा', आणि कोणीतरी शुद्ध म्हणून करून देतं 'ज्वारी'. टाळी वाजवून म्हणून पाहा. 'जोंधळा' पाच मात्रांचा, 'ज्वारी' चार मात्रांची. एक मात्रा कमी पडली आणि टाळी रिकामी गेली. म्हणजे बोलीतला शब्द तिथं प्रेमापोटी ठेवायचा नसून तालाच्या हिशेबानंच तो ठेवावा लागतो. आपल्या आजीनं तो शब्द तिथं बसवला तो काही अडाणीपणानं नव्हे.

चौथा नियम ऐकून तुम्ही हसाल, काही जण रागवाल. दोन दिवसांपुरते तीन शब्द बंद : बळीराजा, काळी आई आणि जगाचा पोशिंदा. हे शब्द वाईट आहेत असं नव्हे. आपण सभांतून ते वापरतोच. पण ते आयते आहेत. आयता शब्द हाताशी आला, की पोरगं बघायचं थांबतं. आटपाडीकडच्या एका शाळेत आठवीतल्या मुलानं सकाळी पोशिंद्यावर पानभर लिहिलं. त्यात शेतकरी होता, शेत नव्हतं. आम्ही म्हटलं, बाबा, तू डोळ्यांनी पाहिलेलं एकच काहीतरी लिही. दुपारनंतर त्यानं हे लिहून आणलं :

चार पोती शाळू झाला,
एक पोतं मळणीला,
दोन पोती दुकानाला,
चौथ्याचं तोंड सोडलं तर
दारात पावणा आला.

सगळा वर्ग हसला आणि हसता हसता गप्प झाला. त्या पाच ओळींत उत्पन्न आहे, खर्च आहे, उधारी आहे, आणि पाहुण्याला 'जेवून जा' म्हणणारं घरही आहे.

पाचवी गोष्ट, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही गाणी देवळापुढे किंवा चावडीपुढे गावात म्हणायची. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी झील धरायची. तिथं गाव परीक्षक असतं. वरचं गाणं झालं तेव्हा एक शेतकरी उठून म्हणाले, 'पोरा, चार पोत्यांना मळणीला पोतंभर जात नाही. काढणी-मोडणीची मजुरी धर, मग तुझा हिशेब बसतो.' पोरानं जागच्या जागी 'मळणीला'चं 'मजुरीला' केलं. ताल मोडला नाही आणि हिशेब खरा झाला. भावांनो, आपल्या शेतीच्या उत्पादनखर्चावर गावानं अशी उघड चर्चा एरवी कधी केली होती, ते आठवून पाहा.

आता कोणी म्हणेल, हे नवं खूळ कुठून आणलं? हे नवं मुळीच नाही. ही याच मातीतली जुनी रीत आहे.

महात्मा जोतिराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ साली पुरा केला. पण त्याच्या आधी, १८६९ मध्ये, त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत जायचं तर डफाच्या वाटेनं जावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे सत्यशोधकांचे जलसे निघाले. तमाशाचाच बाज घेतला, पण आतला मजकूर बदलला. सावकारी, भिक्षुकशाही, अडाणीपणा आणि शाळेची गरज हे विषय गावोगाव गाण्यांतून गेले. कराडजवळच्या काले गावी १९१९ साली सत्यशोधकांच्या परिषदेच्या वेळीच कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. आज आपली जी मुलं शाळेत बसलेली दिसतात, त्या शाळेच्या आधी गावात डफ येऊन गेला आहे, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतरचा काळ प्रतिसरकारचा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली. १९४३ ते १९४६ या वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या गावांनी आपली न्यायमंडळं चालवली, साधी लग्नं लावली, गुंडांचा आणि सावकारांचा बंदोबस्त केला. सभेला माणूस जमवायचा तो पोवाड्यानं. शाहीर शंकरराव निकमांचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

वाळवा तालुका तर शाहिरांचं कोठारच. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, असं सांगतात. त्याच माणसानं १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन आणलं. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला अडले, पण गाण्याला अडले नाहीत. आणि आपल्या डोळ्यांपुढचं उदाहरण हवं असेल, तर पाचगणीजवळच्या महू गावचे शाहीर संभाजी भगत आहेत. २०१४ सालचा 'कोर्ट' हा सिनेमा एका शाहिरावरच्या खटल्याचा आहे, आणि त्यातली गाणी त्यांची आहेत.

या सगळ्यांना कोणत्या शिबिरात शिकवलं? कोणत्याच नाही. त्यांची शाळा वेगळी होती. पहाटेचं जातं ही शाळा होती, मोट ही शाळा होती, शाळवाची काढणी ही शाळा होती, जत्रेतला फड ही शाळा होती. गाणं कामाला बांधलेलं होतं. जात्याच्या फेऱ्यात ओवीची ओळ बसायची, विळ्याच्या हाताबरोबर भलरीची झील उठायची. पुढे गिरणी आली, इंजिन आलं, मळणीयंत्र आलं, आणि कामाबरोबर गाणंही उठून गेलं.

याचं आम्हाला दुःख नाही, हे मुद्दाम सांगतो. ओव्या टिकाव्यात म्हणून कोणाच्या लेकीनं पहाटे तीनला उठून जातं ओढावं, असं म्हणणारा माणूस कधी जात्याला बसलेला नसतो. यंत्र आलं ते चांगलंच झालं. पण कामाबरोबर गाणं शिकण्याची जागाही गेली, आणि नवी जागा कोणी केली नाही. आज आपल्या मुलांच्या कानावर दिवसभर मोबाईलमधलं गाणं असतं. ऐकू दे, आमचं काही म्हणणं नाही. पण शंभर गाणी ऐकणाऱ्या पोरानं स्वतः एकही करू नये, ही मात्र नवी गोष्ट आहे. दुसऱ्यानं पिकवलेलं विकत घेऊन खायचं आणि आपलं रान पडीक ठेवायचं, असा हा व्यवहार झाला.

शिवाय लिहून ठेवण्याचा मुद्दा आहे. कापसाच्या मुलखातल्या पाहुण्यांना बहिणाबाई चौधरींबद्दल आम्ही काय सांगायचं? असोद्याच्या लेकीला अक्षर येत नव्हतं. तिची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी उतरून घेतली म्हणून ती उरली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली. घरात लिहिणारं कोणी नसतं तर? तशा किती बहिणाबाई माणदेशात आणि जतच्या माळावर होऊन गेल्या, त्याची मोजदाद नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या निघाल्या. एवढी संपत्ती आपल्या मायबहिणींच्या तोंडी होती, आणि आपण मात्र तिला बायकांची गाणी म्हणून सोडून दिलं होतं. म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र निघालं, तेव्हा ओव्या म्हणणाऱ्या बाया माईकपुढे आल्या आणि गावानं आपलाच आवाज पेटीतून ऐकला.

बाहेरच्या जगातलं एकच उदाहरण देतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डोंगराळ भागात १९३२ साली हायलँडर नावाची शाळा निघाली. तिथं कामगार आणि गरीब शेतकरी चार दिवस राहायला येत, आणि झिल्फिया हॉर्टन ही बाई त्यांच्याकडून त्यांचीच गाणी काढून घेई. दक्षिणेत चार्ल्सटन गावी तंबाखूच्या कारखान्यातल्या कामगारांचा १९४५-४६ साली संप झाला. त्यात बहुतेक काळ्या बायका होत्या. चर्चमधलं एक जुनं भजन त्यांनी संपाच्या रांगेत आपल्या परीनं बदलून म्हटलं. संपातल्या बायकांनी ते हायलँडरच्या शाळेत आणलं. तिथून ते पीट सीगरकडे गेलं, पुढे काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीत गेलं, आणि हिंदीत येऊन 'होंगे कामयाब' म्हणून आपल्या झेडपीच्या शाळेत पोचलं. आपली मुलं पंधरा ऑगस्टला जे गाणं म्हणतात, ते तंबाखूच्या कारखान्यातल्या मजूर बायकांच्या हातून आलेलं आहे. त्या शाळेनं त्यांना आयतं गाणं दिलं नाही, त्यांच्याकडचं घेतलं, हे यातलं मर्म आहे.

आता जरा कडू बोलतो.

या कामाला हात लागला, की दोन प्रकारची माणसं मदतीला धावून येतात. एक सरकारी खात्यातली. 'आमच्या योजनेवर गाणी लिहून घ्या, खर्च आम्ही देतो,' असा निरोप आम्हाला एकदा आला. योजना चांगलीही असेल. पण ज्या गावात तिचा थेंब पोचलेला नाही, तिथल्या मुलानं तिचं गुणगान कसं लिहावं? आम्ही नमस्कार करून निरोप परत पाठवला.

दुसरी माणसं आपलीच. तुमच्यासारखी, आमच्यासारखी. आपणही आपली घोषणा मुलाच्या तोंडी घालायला बघतो. घोषणा खरी असते म्हणून ते आपल्याला गैर वाटत नाही. जत तालुक्यातल्या एका शिबिरात सातवीतली एक मुलगी पहिला दिवस काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घराच्या आढ्याला टांगलेल्या गोफणीवर लिहिलं. दाणा भरला आहे, पाखरं उतरली आहेत, गोफण जागेवर आहे आणि ती फिरवणारा हात घरात नाही. हात कोणाचा, तो कुठं गेला, एवढं तिनं लिहिलं नाही. गावाला माहीत होतं. वर्गात ती ते म्हणाली, आणि संध्याकाळी चावडीपुढे म्हणणार नाही म्हणाली.

आपल्यातला एक चांगला, कळकळीचा कार्यकर्ता तिथं होता. तो म्हणाला, 'हे गाणं जिल्ह्याच्या सभेत झालं पाहिजे. मंत्र्यापुढे झालं पाहिजे. दहा भाषणांचं काम हे एक गाणं करील.' त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा भाषणांचं काम त्यानं केलं असतं. तरी आम्ही नाही म्हटलं. ते गाणं त्या पोरीच्या वहीत आहे आणि वही तिच्या दप्तरात आहे. ज्यांच्या घरातलं एवढं गेलं, त्यांच्याकडून आणखी हे एक घ्यायचा हक्क चळवळीला कोणी दिला? आपला माल आपल्या मर्जीशिवाय उचलला जातो, ही आपली तक्रार आहे. मग पोरीचं गाणं तिच्या मर्जीशिवाय उचलताना आपण व्यापाऱ्याहून वेगळे कसे?

पुढच्या शिबिराला ती आपल्या पायांनी आली. या खेपेला तिनं झील धरली, आणि एका लहान मुलाला टाळी कशी धरायची ते शिकवलं. आमच्या हिशेबी शिबिराचं फळ ते.

म्हणून या बैठकीपुढे आमच्या चार मागण्या आहेत. पैशाची एकही नाही.

पहिली : प्रत्येक तालुक्यानं सुगीनंतर दोन दिवस आणि एक शाळा द्यावी. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्यावरच्या तारखा धराव्यात, नाहीतर ज्या मुलांसाठी हे करायचं तीच फडात राहतात.

दुसरी : गावातल्या ओव्या, भलरी जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायांना शिबिरात मास्तर म्हणून बसवावं, सतरंजीच्या कडेला नव्हे, खुर्चीवर. त्यांच्या तोंडचं जे निघेल ते मुलांनी वहीत उतरावं आणि खाली त्यांचं नाव लिहावं.

तिसरी : मुलाच्या गाण्यातला शब्द कार्यकर्त्यानं बदलू नये. हिशेब चुकला असेल तर सांगावं. मत पटलं नाही तर ऐकून घ्यावं. एखादं पोरगं आपल्याच बापाच्या दारूवर लिहील, एखादी मुलगी लिहील की सातबाऱ्यावर आईचं नाव का नाही. ते ऐकायची तयारी नसेल त्या गावानं आम्हाला बोलावू नये.

चौथी : मुलाची आणि घरच्यांची परवानगी असल्याशिवाय कोणतंही गाणं सभेत म्हणू नये, छापू नये, मोबाईलवर फिरवू नये.

एवढ्या अटी पाळल्या तर पाच-दहा वर्षांत काय होईल, याचं भाकीत आम्ही करत नाही. शेतकऱ्यानं भाकितं बरीच ऐकली आहेत. एवढं मात्र दिसतं, की ज्या वर्गात फळा शब्दांनी भरला, तिथं 'वडील काय करतात?' या प्रश्नाला 'काही नाही' हे उत्तर पुन्हा आलेलं नाही. 'शाळू करतात, तीन एकर, कोरडवाहू,' असं उत्तर येतं. असं उत्तर देणारं पोरगं उद्या बाजार समितीत उभं राहील तेव्हा वजन नीट बघेल, पावती मागेल आणि कमी भाव सांगणाऱ्याला आपला खर्च तोंडावर मोजून दाखवेल.

तालुक्याच्या प्रतिनिधींनी बैठक संपल्यावर शाळेचं नाव आणि तारखा आमच्याकडे लिहून द्याव्यात. डफ आम्ही घेऊन येतो. फळा आणि खडू तेवढा तुम्ही बघा.